अकरा जणांची साक्ष

कचरू पाटकरी जन्मात कधी हसला नाही, असं कोऱ्हाळ्यात अजून सांगतात. साफ खोटं. हसायचा, चांगला खदखदून हसायचा, पण पोरांत. मोठ्या माणसांत हसायची त्याला चोरी होती, कारण मोठी माणसं गोड बोलून, हसून हसूनच त्याच्याकडून जादा पाणी काढायला बघायची. "कचरू, घे की रं तंबाखू," म्हणत कुणी बांधावर टेकलं, की हा ओळखायचा, ह्याला अर्धा तास वर पाहिजे. तंबाखू घ्यायचा नाही, बोलायचा नाही. घड्याळ बघायचा आणि दार फिरवायचा.

पाटकरी म्हणजे कालव्याच्या पाण्यावरचा सरकारी माणूस. कालव्यातून चारी निघते, चारीतून ज्याच्या त्याच्या वावरात पाणी जातं, आणि कुणाला कधी, किती तास, याची यादी असते. पाणी सुटलं की यादीप्रमाणं एकेकाची पाळी लागते. उन्हाळ्यात तीन-साडेतीन आठवड्यांनी एकदा पाणी यायचं. त्यात पाळी हुकली तर पुढच्या खेपेपर्यंत पीक माना टाकणार, इतकं ते सरळ. म्हणून गाव पाटकऱ्याला तोंडावर रामराम घालतं आणि पाठीमागं आईबहिणीवरून शिव्या देतं.

कचरूनं बावीस वर्षं ती यादी मोडली नव्हती. एकदाही नाही. त्र्याहत्तरच्या दुष्काळात खडी फोडता फोडता तो खात्यात चिकटला होता. त्याचा बाप तमाशात ढोलकी वाजवायचा. छप्पन्न साली वस्तीनं धम्म घेतला, त्या दिवशी बापानं ढोलकी गुंडाळून ठेवली; गावकीचं वाजवणं बंद, मागून खाणं बंद. पण रक्तातला ताल काय गुंडाळून ठेवता येतो होय! पोराला त्यानं जलशाच्या पार्टीत पेटी शिकायला घातलं. पुढं पार्टी मोडली, पेटी कचरूकडं राहिली. भात्याला चार ठिगळं, दोन पट्ट्या मुक्या, पण कचरूच्या हातात ती बोलायची.

दर उन्हाळ्यात, शाळेला सुट्टी लागली की वस्तीतली पोरं त्याच्या दारात. "तात्या, औंदा कुठलं नाटक?" मग सकाळी सात ते नऊ विहाराच्या ओट्यावर तालीम. नाटक कचरूच लिहायचा, चाली त्याच्याच, आणि खेळ वैशाख पौर्णिमेला संध्याकाळी. मोठं काही नव्हतं. आठ-दहा पोरं, एक पेटी, समोर आयाबाया. बापे बहुतेक पाण्यावर किंवा कामावर. आणि गंमत बघा, ज्यानं सगळं बसवलं त्या कचरूला आपला खेळ आजवर कधी पुरता बघायला मिळाला नव्हता. नेमकं त्याच सुमाराला चारीला पाणी असायचं. दोनदा तर गाणं अर्ध्यात टाकून त्यानं सायकल हाणली होती, आणि पोरांनी पेटीशिवाय पुढचं म्हटलं होतं.

पंच्याण्णव सालचं नाटक होतं 'पाव्हणी पाखरं'. भिगवणच्या बाजूला धरणाच्या फुगवट्यात लांब टांगांची, गुलाबी पंखांची पाखरं उतरतात, ती कचरूनं एकदा एसटीतून पाहिली होती. त्यावरून त्यानं रचलं. पाव्हणी पाखरं दमूनभागून पाण्यावर येतात. गावातली पाखरं पंचायत भरवतात आणि त्यांना विचारतात, तुम्ही कुठली, कुणाची, कुठल्या बाजूला बसणार? कावळा सरपंच. सुमित नावाचा एक वात्रट कार्टा कावळा झाला होता. तो तालमीतच इतका ऐटीत चालायचा की कचरूच्या डोळ्यांतून पाणी यायचं हसून.

"लांब तुझ्या टांगा, पाखरा, लांब तुझी मान, कुठल्या गावचा तू रं, तुला कुणी दिलं पान?" असं सगळ्यांनी विचारायचं. आणि पाव्हण्या पाखरानं उत्तर द्यायचं, "गाव माझं पाणी, बाई, घर माझा वारा, दोन पायांपुरती द्या हो जागा मला जरा."

हे म्हणायची मेघना. बारा वर्षांची, काटकी पोर. तिचा आवाज ऐकला की कचरू पेटीवरचा हात काढून घ्यायचा. पेटीची गरजच नव्हती तिला. आईबाप गेलेले, आजी पुतळाबाईनं वाढवली. पुतळाबाई म्हणजे तोंडानं फटकळ आणि आत लोणी. कचरूपेक्षा दहा वर्षांनी मोठी, म्हणून तो तिला आक्का म्हणायचा आणि ती त्याला, सरकारी नोकर असला तरी, "कचऱ्या" म्हणायची.

आता जमिनीचं सांगायला पाहिजे. वस्तीतल्या अकरा घरांना वतनाची जमीन परत मिळाली होती. एकेकाला वीस वीस गुंठे. त्या साली अकराही जणांनी उन्हाळी भुईमूग केला होता. मे महिना, शेंगा भरायला लागलेल्या. हे एक पाणी मिळालं की काम फत्ते. नाही मिळालं की जमिनीत नुसती पोचट टरफलं. पुतळाबाईच्या घरी वर्षाचं तेल, चटणी आणि मेघनाचं आठवीचं सगळं त्या वीस गुंठ्यांवर होतं.

आणि नेमकं काय व्हावं? यादी आली, तर वस्तीची पाळी पौर्णिमेच्या संध्याकाळी सहाला लागत होती. सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत चोवीस तास. म्हणजे इकडं पोरं तोंडाला रंग लावून उभी राहणार, आणि तिकडं अकरा घरांतली झाडून सगळी माणसं खोरी घेऊन दारं धरायला वावरात. कचरू तर चारीवर हवाच.

"खेळ एक दिस पुढं ढकलू की," कचरू म्हणाला.

"पुनव बी ढकलशील का?" पुतळाबाई म्हणाली. "पोरगी महिनाभर झोपंत बी त्येच गाती. मला काय, मी वावरात ऱ्हाईन. तिला मात्र सांग तू, तुझं गानं ऐकाय आजी न्हाय म्हनून."

कचरूला काही ते सांगवलं नाही.

त्या वर्षी खेळाचा गाजावाजाही नेहमीपेक्षा जास्त झाला होता. वस्तीतल्या रंगूबाईनं जुनी धोतरं गुलाबी रंगात बुडवून पंख शिवले होते. बारामतीच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या पोरांनी वर्गणी नाही, पण एक कर्णा आणि माईक आणायचं कबूल केलं होतं. आणि मंच? मंचाचं कोडं सुटलं ते मानसिंगरावांमुळं. मानसिंगराव म्हणजे चारीवरचे मोठे बागायतदार, बारा एकर ऊस. उसाचा हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला होता, ट्रॉल्या मोकळ्या उभ्या होत्या. त्यांनी स्वतःहून निरोप धाडला, दोन ट्रॉल्या आणून जोडून लावा, फळ्या टाका, पोरांना उंचावर दिसू द्या.

शनिवारी ट्रॉल्या घेऊन ते स्वतः ट्रॅक्टरवर बसून आले. विहारासमोर ट्रॉल्या लावल्या, चाकांखाली दगड घातले, आणि त्यांना पाळीचं कळलं.

"आरं मग त्यात काय एवढं?" ते म्हणाले. यादीत त्यांचं नाव अगदी शेवटी असायचं, कारण त्यांना विहीर होती. वस्तीची पाळी संपली की सोमवारी संध्याकाळी त्यांची. "उद्याचं पानी मी घेतो. माझा गडी गेणू हाय दारं धराय, दार बी माझ्याच बांधाला हाय. तुमी माझी पाळी घ्या सोमवारची. तितं बी चोवीस तास, हितं बी चोवीस तास. समद्यांनी खेळ बघा. कचरूराव, तुमी बी बसा पेटीवर, कवातरी."

कचरूराव!

बावीस वर्षांत त्या गावातल्या कुणा बागायतदारानं त्याच्या नावापुढं राव लावला नव्हता. तंबाखू पुढं करताना सुद्धा नाही. आणि या माणसाला त्याच्याकडून काहीच नको होतं. उलट स्वतःची पाळी देत होता, स्वतःच्या ट्रॉल्या देत होता, वस्तीत उभा राहून देत होता.

"यादी मोडता येत न्हाय, मालक," तो म्हणाला, पण त्या म्हणण्यात जोर नव्हता.

"आरं मोडतोय कुठं? अदलाबदल हाय," मानसिंगराव म्हणाले. "एका रातीचा तर प्रश्न."

कचरूनं अकरा घरांना विचारलं. एकानंही नाही म्हटलं नाही. सगळ्यांत आधी हात वर केला पुतळाबाईनं. "एक दिस भुईमूग काय मरत न्हाय," ती म्हणाली. "बस तू पेटीवर." कचरू बसला. आणि खरं सांगायचं तर त्याला स्वतःलाही बसायचंच होतं, त्याचा जीव त्या खेळात गुंतला होता. याचा दोष मागाहून त्यानं कुणाच्याच माथी मारला नाही, मानसिंगरावांच्या तर मुळीच नाही.

रविवारी सहाला कचरूनं मानसिंगरावांचं दार उघडलं, गेणूच्या ताब्यात दिलं आणि अंघोळ करून, पांढरी टोपी घालून पेटीवर येऊन बसला.

काय खेळ झाला म्हणून सांगू! वस्ती होती, गावातले निम्मे लोक होते, मानसिंगराव सतरंजीवर सगळ्यांत पुढं मांडी घालून होते. चौथ्या गाण्याला लाईट गेली. अंधार पडतच आला होता. तर एमआयडीसीतून आलेल्या पोरांनी मोटारसायकली ओळीनं लावल्या आणि हेडलाईट सोडले ट्रॉल्यांवर. त्या उजेडात गुलाबी धोतरांचे पंख पसरून मेघना उभी राहिली आणि कर्ण्याशिवाय गायली. दोन पायांपुरती द्या हो जागा मला जरा. एकाही पोराचं रडणं नाही, कुणाचा खोकला नाही. मानसिंगरावांनी उपरण्यानं डोळे पुसलेले कचरूनं पाहिले. पुतळाबाई तर उघड उघड रडत होती आणि शेजारणीला "माझी हाय, माझी नात हाय" असं सांगत होती, जसं काही शेजारणीला ते ठाऊक नव्हतं. कचरूनं शेवटपर्यंत पेटी वाजवली. उठावं लागलं नाही. त्या एका संध्याकाळी तो माणूस सुखी होता, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

सोमवारी सकाळी अकरा वाजता पाटबंधारे खात्याच्या सेक्शन कचेरीची जीप आली.

धरणात पाणी कमी, पिण्यासाठी राखून ठेवायचं, म्हणून सगळ्या चाऱ्या तात्काळ बंद. वरचा हुकूम. कालवा बंद नव्हता. तो पुढच्या गावांची तळी भरायला वाहतच राहणार होता. फक्त चाऱ्यांची दारं बंद करून, सील ठोकून, ती फिरवायचे दांडे जमा करून घ्यायचे. जीपमधल्या माणसानं कचरूकडून दांडा घेतला, पावती दिली आणि गेला.

कचरू चारीच्या बांधावर मटकन बसला. चारीतलं पाणी डोळ्यांदेखत उतरत गेलं, मग चिखल राहिला, मग त्या चिखलात बेडकं उड्या मारायला लागली. चारीवरच्या झाडून सगळ्या वावरांना पाणी मिळालं होतं. ज्यांना विहीर होती त्या मानसिंगरावांचा ऊस सतरा तास प्याला होता. राहिली फक्त वस्ती. आणि यादीप्रमाणं गेला असता, तर त्या अकरा जणांचे सतरा तास झाले असते. निम्म्याहून जास्त रान भिजलं असतं.

संध्याकाळी मानसिंगराव धावत आले. माणूस वाईट नव्हता. "माझ्या हिरीतनं घ्या पानी," म्हणाले. पण विहीर रस्त्याच्या पल्याड, मधे अर्धा मैल रान. एवढा पाईप कुठून आणायचा, आणि लाईट दिवसातून चार तास. मग मानसिंगराव निघून गेले, आणि त्यानंतर बरेच दिवस ते वस्तीच्या वाटेनं आले नाहीत. ट्रॉल्या न्यायला गेणू आला.

वस्तीत मात्र कुणी कचरूला एक शब्द बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, इतका तो सन्नाटा त्याला बोचत होता. पुतळाबाईनं तर भाकरी धाडली, वर निरोप, जेवून घे म्हणावं, वरनंच बंद झालं त्याला तू काय करणार? ती भाकरी त्यानं तशीच झाकून ठेवली. बायको तानूबाई समोर बसून होती.

"एक वाट हाय," कचरू म्हणाला.

वाट अशी होती. पाटकऱ्याच्या चुकीमुळं कुणाची पाळी हुकली आणि तसं लेखी आलं, साहेबानं चौकशीत ते खरं धरलं, तर खास बाब म्हणून बारा तासांसाठी दार उघडता यायचं. कालव्यात पाणी होतंच. बारा तासांत अकरा जणांची निम्मीअर्धी रानं तरी भिजली असती. भुईमूग अजून चार-सहा दिवस कळ काढणार होता. पण लिहून द्यायचं म्हणजे काय? पाळी मी मनानं बदलली, हे लिहायचं. नोकरीची सहा वर्षं राहिली होती.

"घालवत्याल की वो नोकरीवरनं," तानूबाई म्हणाली.

"घालवू दे."

"वस्तीला इच्यारा तरी."

"वस्तीला सांगितलं तर आक्का कागुद फाडून चुलीत घालील," कचरू म्हणाला. आणि ते खरंच होतं. म्हणून त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. इथं चुकला. पण ते आपण आज म्हणायचं.

मंगळवारी त्यानं बारामतीला सेक्शनच्या कचेरीत जाऊन साहेबाला अर्ज दिला, स्वतःच्या हातानं लिहिलेला. साहेब म्हणाले, बघू. बुधवार गेला. ऊन असं की दुपारी कुत्रं बाहेर पडेना. भुईमुगाची पानं सकाळी सुद्धा मिटलेली राहायला लागली. गुरुवारी कचरूला राहवेना, तो पहिल्या एसटीनं पुन्हा कचेरीत गेला. तिथं शिपाई म्हणाला, "साहेब तर तुमच्याच गावाला गेलेत. चौकशीला."

कचरू उलट्या पावली निघाला. एसटी मिळेना. उसाच्या खोडव्याचं खत नेणाऱ्या एका टेम्पोच्या मागं लटकून तो आला, आणि सबंध वाटेत त्याच्या डोळ्यांपुढं एकच होतं, की आज संध्याकाळी दार उघडणार.

इकडं वस्तीत काय झालं ते ऐका. साहेबाची जीप विहारासमोर थांबली. साहेब सावलीत खुर्चीवर बसले, फाईल मांडीवर, मिटलेली. अकराही घरांतली माणसं बोलावली. वावर तिथून तीन फर्लांगावर, पण त्या उन्हात साहेब कशाला जातात?

"तुमच्या पाटकऱ्याबद्दल अर्ज आलाय," साहेब म्हणाले. "त्यानं पाळी फिरवली, तुमचं पाणी दुसऱ्याला दिलं, तुम्हाला मिळालंच नाही, असं लिहिलंय. खरं निघालं तर त्याच्यावर कारवाई होईल. बोला, पाणी मिळालं की नाही?"

अर्ज कुणाचा, ते साहेबानं सांगितलं नाही. का सांगितलं नाही, ते त्याचं त्याला माहीत. खास बाब म्हटलं की किती कागद रंगवावे लागतात, हेही त्यालाच माहीत. वस्तीला एवढंच कळलं, की कुणीतरी कचरूच्या पोटावर पाय द्यायला निघालंय.

मग पुतळाबाई पुढं आली.

"मिळालं की पानी," ती म्हणाली. "ऐतवारी सांजच्याला सुटलं. रातभर मी सोता दारं धरली. कोन मेला म्हनतो मिळालं न्हाय म्हनून?"

"सगळ्यांना मिळालं?"

"समद्यांना," दुसरा म्हणाला. मग तिसरा. मग सगळे. कुणी कुणाला खूण केली नाही, आधी ठरलेलं नव्हतं. अकराही जणांनी आपापला भुईमूग आपल्या तोंडानं भिजवला. सात जणांनी सह्या केल्या, चौघांनी अंगठे उमटवले. साहेबासाठी चहा आला.

तो चहा साहेब पीत असतानाच कचरू घामानं निथळत पोचला.

"साहेब, जयभीम. पाहिलं का रान?" त्यानं विचारलं.

"गरज काय?" साहेब म्हणाले. "सगळ्यांनी लिहून दिलंय, पाणी मिळालं म्हणून."

कचरूला आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा तो साहेबाला बाजूला घेऊन गेला, चिंचेखाली. "खोटं हाय त्ये, साहेब. मला वाचवाय सांगत्यात. मी लिहिलंय त्येच खरं. चला वावरात, तुमच्या डोळ्यांनी बघा."

साहेबांनी फाईल काखेत मारली. "हे बघ कचरू," ते म्हणाले, "आता मी तुझं खरं धरलं, तर अकरा जणांनी सरकारी कागदावर खोटी साक्ष दिली असं लिहावं लागेल. त्यांच्या सह्या आहेत. ती म्हातारी आहे, तिचा अंगठा आहे. लिहू? तू म्हणत असशील तर लिहितो."

कचरूनं नकाराची मान हलवली. साहेबानं फाईलमधून अर्ज काढून त्याच्या हातात दिला, नशीबवान आहेस म्हणाले, आणि जीप गेली.

जीप वळली तशी पुतळाबाई लगबगीनं आली. सोमवारपासून पहिल्यांदा तिच्या तोंडावर तरतरी होती.

"वाचलास रं बाबा," ती म्हणाली. "कोन तरी तुझ्या वायटावर हुतं. पर आमी काय मेलो न्हाय अजून. आता त्या अर्ज करनाऱ्याला घाल म्हनावं बोटं तोंडात."

कचरूनं हातातला कागद तिच्यापुढं धरला. तिला वाचता येत नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

"आक्का, अर्ज माझाच हाय," तो म्हणाला. "मीच केला. माझी चूक लिवली, म्हंजे तुमाला बारा तास पानी मिळालं असतं. आज सांजच्यालाच मिळालं असतं."

पुतळाबाईला समजायला वेळ लागला. तिनं कागदाकडं पाहिलं, मग जीप गेली त्या रस्त्याकडं. मग अंगठ्याची शाई पदराला पुसायला लागली. पुसत राहिली, पुसत राहिली, शाई काही निघेना.

"मग आदुगर सांगायचं न्हाय व्हय रं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता जीव गेल्यासारखा झाला होता. "आमाला एकदा तरी सांगायचं."

कचरू खाली बसला आणि पोरासारखा रडला. पुतळाबाई त्याच्याजवळ उभी राहिली. तिनं त्याला रडू दिलं.

"कुनाला सांगू नगं आता," ती शेवटी म्हणाली. "म्या बी सांगत न्हाय. पोरांना तर अजाबात नगं. त्यांना वाटंल, आपल्या गान्यापायी झालं समदं."

"न्हाय सांगत," कचरू म्हणाला.

चार दिवसांनी वस्तीनं भुईमूग उपटला. वेल शेरडांना घातले. कचरूही उपटायला गेला, पुतळाबाईच्या वावरात, तिच्या शेजारच्या ओळीत. टरफलं दाबली की फुस्स व्हायची. मेघना वेल गोळा करत होती आणि तिला वाटत होतं, धरणात पाणी कमी म्हणून झालं. आठवीला ती त्या वर्षी गेली नाही. भिगवणला मामाकडं मासळी निवडायच्या कामाला गेली, उन्हाळ्यात परत आली.

पुढच्या वैशाखात पोरं कचरूच्या दारात आली. पंधरा-सोळा तरी होती. खेळाचं नाव झालं होतं, गावातलीही तिघं-चौघं होती. पुढं मेघना, हातभर वाढलेली. "तात्या, औंदा कुठलं नाटक?"

"औंदा न्हाय," कचरू म्हणाला.

"का?"

"न्हाय म्हंजे न्हाय. जावा घरी."

पोरं हिरमुसली. सुमित काहीतरी पुटपुटला, तात्या लई माजल्यात, असं काहीसं. एकेक करून सगळी पांगली. मेघना मात्र उंबऱ्याशी उभीच राहिली. तिच्या हाताला मासळीचे खवले लागून लागून भेगा पडल्या होत्या, त्या ती नखानं खरवडत होती.

"आमचं काय चुकलं, तात्या?" तिनं विचारलं. "म्या नीट गायले न्हाय का?"

"तुमचं काय बी चुकलं न्हाय, बाळा," कचरू म्हणाला. तिच्याकडं बघायची त्याची छाती झाली नाही, म्हणून तो खाली जमिनीकडं बघत म्हणाला.

पोरीनं ते खरं मानलं नाही.